आप्त कोण?

न्यायशास्त्राने ज्ञानाची चार प्रमाणे मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांपैकी शब्दाचे प्रामाण्य बोलणाऱ्यावर अवलंबून असते; बोलणारा आप्त असावा लागतो. आप्त म्हणजे येथे नातलग नव्हे, एवढे सांगितलेले बरे, कारण आपल्या घरांतून तो शब्द तेवढ्याच अर्थाने उरला आहे. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने वस्तू साक्षात जाणली आणि जशी जाणली तशी दुसऱ्यास सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो पुढे म्हणतो. या उदार विधानाची आठवण मला ग्रंथालयात झाली नाही. पीथमपूरच्या एका कारखान्यात झाली.

इंदूरच्या जुन्या घरांत कारखाना म्हटले की अजून गिरणीच डोळ्यांपुढे येते. मालवा मिल, हुकुमचंद मिल, भोंगा, आणि मागाच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखणारा जॉबर. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तो विषय वेगळा आहे. नव्या कारखान्यात मात्र यंत्राच्या आवाजाकडे कान देणारा कोणी नसतो, कारण यंत्रे आपसांत बोलतात. डोक्यावरून गेलेल्या लोखंडी पन्हाळींतून केबली धावतात, आणि दर काही मिलिसेकंदांनी नियंत्रक प्रत्येक यंत्राला जणू हाक मारून विचारतो, तू ठीक आहेस ना? उत्तर ठरलेल्या मुदतीत आले नाही, तर तो वाट पाहत बसत नाही, यंत्र थांबवतो.

मी सांगतो त्या कारखान्यात एक यंत्र दुसऱ्या पाळीत वारंवार थांबू लागले. संगणकाच्या नोंदीत दर वेळी एकच कारण येई: रक्षकद्वार उघडले. यंत्रावर कंत्राटी कामगार होता. विश्रांतीसाठी तो मुद्दाम दार उघडतो, असे ठरले. त्याला लेखी ताकीद मिळाली आणि तीन दिवसांची मजुरी कापली गेली. आपण दाराला हातही लावला नाही, असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. नोंद त्याच्याविरुद्ध होती आणि नोंदीला स्वार्थ नसतो, म्हणून कोणी त्याचे ऐकले नाही. त्या कोणी-मध्ये मीही होतो.

कारण सापडले ते तीन आठवड्यांनी. त्या यंत्राची संदेशवाहक केबल सुमारे साठ मीटरपर्यंत एका मोठ्या मोटरच्या वीजवाहक केबलीला बांधून, एकाच पन्हाळीतून नेलेली होती. मोटरची गती कमीजास्त करणारे उपकरण चालू झाले की आजूबाजूच्या तारांत विद्युत गोंगाट उठतो, आणि ती मोटर फक्त दुसऱ्या पाळीत चाले. संदेशवाहक केबलीतील तारांच्या जोड्या एकमेकींना पीळ घालून ठेवलेल्या असतात, त्या अशा गोंगाटाला तोंड देण्यासाठीच. पण पिळाची शक्ती अमर्याद नसते, आणि टोकाला जोडणी करताना पीळ गरजेपेक्षा अधिक सोडला की तीही घटते. येथे दोन्ही दोष होते. संदेश बिघडत, बिघडलेले म्हणून टाकून दिले जात, आणि नियंत्रकापर्यंत उत्तर पोहोचत नसे.

मग ‘दार उघडले’ ही नोंद कोठून आली? विचार करण्याजोगे आहे ते येथेच. सुरक्षेसाठी अशा व्यवस्थेत एक संकेत पाळतात: दाराकडून बातमी येईनाशी झाली, तर दार उघडेच आहे असे समजायचे. संकेत अगदी योग्य आहे. त्यामुळे बोटे वाचतात, कधी प्राण वाचतात. पण ते ज्ञान नव्हे, सावधगिरीपोटी धरलेले गृहीत आहे. यंत्र थांबवायला ते पुरेसे आहे. माणसाची मजुरी कापायला नाही. नोंदवहीत उतरताना मात्र त्या गृहीताचे वाक्य झाले, आणि आम्ही ते साक्षीदाराचे वाक्य म्हणून वाचले. वात्स्यायनाची कसोटी लावली असती, तर नोंदीपाशी दोन्हींपैकी काहीच नव्हते. तिने दार पाहिले नव्हते, आणि खरे सांगण्याची इच्छा ही तर तिच्याबाबत बोलण्याचीच गोष्ट नव्हे. दार पाहणारा एकच होता.

आमच्या हातून घडले ते लहान प्रमाणावर. ब्रिटनच्या टपाल खात्यात ‘होरायझन’ नावाच्या संगणकप्रणालीच्या हिशेबात तूट दिसली म्हणून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक शाखाचालक दोषी ठरले. काहींना तुरुंगवास झाला, कित्येकांची घरेदारे गेली. तूट नाही, प्रणाली चुकते आहे, असे ते सांगत होते. संगणक नीट चालत असल्याचे गृहीत धरण्याकडे तेथील कायद्याचाच कल होता. अखेर २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ज्या देशाच्या न्यायबुद्धीचे गोडवे आपल्या आजोबांच्या पिढीने गायले, तेथे हे घडले.

केबल ओढणाऱ्याला दोष द्यावा असे मला आधी फार वाटले. महेश्वरी साडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा विणतात, उलट बाजू कोणी पाहील म्हणून नव्हे, या विचाराने मी मनातल्या मनात एक लहानसे प्रवचनही रचले. नंतर कळले की उद्घाटनाची तारीख आधी ठरली होती, दुसरी पन्हाळ वेळेत आली नव्हती, आणि तसे त्याने वरिष्ठांना सांगितले होते. तोंडी सांगितले होते. म्हणजे त्याचीही नोंद नव्हती.

पुढे त्या यंत्रापर्यंत प्रकाशतंतूची केबल नेली. काचेच्या तंतूला विजेच्या गोंगाटाची बाधा होत नाही, त्यामुळे यंत्र थांबणे बंद झाले. कापलेली मजुरी परत मिळाली. ताकीदपत्र मागे घ्यावे असे मी लिहून दिले, तेव्हा ते मागे घेण्यासाठी छापील नमुनाच नाही असे उत्तर आले. दुसऱ्यांदा लिहिले, तोवर तो कामगार दुसऱ्या कंत्राटदाराकडे निघून गेला होता.