घरात हुकूम कोणाचा?

काशीचा विषय निघाला की हल्ली कोणीतरी करोनाचा एप्रिल २०२१ काढतोच. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवरच्या रांगा, लाकडाचे चढलेले भाव, आणि मग ठरलेला शेरा : झोंबीच्या सिनेमात दाखवतात ते काही खोटं नाही, वेळ आली की माणूस माणसाला खातो. हा शेरा फार सोयीचा आहे, म्हणून मला त्याचा संशय येतो. त्याच दिवसांत परक्यांच्या प्रेतांना खांदा देणारे आणि रात्री-अपरात्री सिलिंडर पोचवणारेही होतेच. सिनेमाचा दाखला देताना त्यांना वगळावं लागतं.

आणि तो सिनेमा तरी नीट पाहिलाय का? हैतीच्या लोककथांतला झोंबी कोणाला खात नसे. मेल्यावरही मळ्यात राबणारा तो गुलाम. भीती त्याची नव्हती, आपलं तसं होण्याची होती. १९३२च्या ‘व्हाइट झोंबी’तही त्याला मालक आहे. पुढच्या झोंबीपटांना वाट दाखवणाऱ्या, लेखक मॅथेसनच्या १९५४च्या कादंबरीत भांडायला दुसरा माणूसच उरलेला नाही.

१९६८मध्ये दिग्दर्शक रोमेरोने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये मालक काढून टाकला आणि सात जिवंत माणसं एका घरात कोंडली. सगळे चुकतात ते इथे. बेन आणि हॅरी कूपर यांचं भांडण भाकरीवरून नाही. बेन म्हणतो, वरच राहू, दारं-खिडक्या ठोकून घेऊ. हॅरी म्हणतो, तळघरात जाऊ. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. गंमत म्हणजे शेवटी बेन रात्र काढतो ती तळघरातच! नडतं ते एवढंच, की कोणाचं ऐकायचं हे ठरवायची रीत त्या घरात नाही. सकाळी बेनला गोळी लागते ती सुटकेला आलेल्या, शेरीफच्या हाताखालच्या बंदूकवाल्यांची. बेन काळा आहे. ‘व्यवस्था कोसळली की माणूस जनावर होतो’ म्हणणारे ही शेवटची काही मिनिटं विसरतात. व्यवस्था तोवर परत आलेली असते, आणि बेन तिच्याच हातून मरतो.

१८९७च्या पुण्याला हे समजावून सांगावं लागलं नसतं. प्लेगइतकीच धास्ती घरझडतीची होती. ती करवणाऱ्या प्लेग अधिकारी रँडच्या खुनाची गोष्ट सर्वांना पाठ आहे. त्याच साथीत रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, हे मात्र त्या गोष्टीला कोणी जोडत नाही.

पुढे २०१०पासून ‘द वॉकिंग डेड’ वर्षानुवर्षं चालली. मालिका लांबवायची तर मेलेले पुरत नाहीत, दरवेळी नवा जिवंत खलनायक लागतो. लेखकांची ही गरज आपण मनुष्यस्वभाव म्हणून घेतली. त्यापेक्षा आपला ‘झोंबिवली’ (२०२२) खरा : टॉवर आणि झोपडपट्टी यांच्यातलं पाण्याचं भांडण तिथे मेलेले उठण्याआधीचंच आहे.

म्हणून घाटावरच्या रांगेचा दोष माणसाच्या स्वभावावर ढकलू नका. लाकडाचा दर बांधून देणं आणि प्राणवायूची सोय करणं कोणाचं काम होतं, ते आधी विचारा.