पूर्वपक्ष आणि पितृपक्ष

संशोधन करायचं ठरलं की माणूस पहिल्या दिवशी काय करतो? तो स्टेशनरीच्या दुकानात जातो.

मीही गेलो. 1981 सालचा जून महिना होता. पाचशे कोरी कार्डं, दोन रंगांची शाई आणि रबरबँडांचं एक पुडकं एवढं सामान घेऊन, जणू काही प्रबंध निम्मा झाला अशा चेहऱ्याने मी घरी आलो. कार्डं ठेवायला मुलाच्या नव्या बुटांचा खोका मिळाला. ते बूट त्याने तीन महिन्यांत फाडले. खोका अजून शाबूत आहे. संशोधन टिकाऊ असतं, ते असं.

माझा विषय होता जात्यावरच्या ओव्या. विषय मी निवडला असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं म्हणजे तो मला कानातून मिळाला होता. लहानपणी सुट्टीत वाईजवळच्या आमच्या गावी गेलो की पहाटे जात्याच्या घरघरीने अर्धवट जाग यायची आणि त्या घरघरीवर आत्याचा आवाज यायचा. दोन ओळींची ओवी, मग थोडी घरघर, मग पुढची ओवी. त्यात भाऊ यायचा, माहेर यायचं, विठोबा तर घरातलाच एक असल्यासारखा यायचा. गोधडीत पडल्या पडल्या मला एकच प्रश्न पडायचा, की हे आत्याला कोणी शिकवलं? माझ्या प्रबंधाला पुढे भलंथोरलं नाव मिळालं, पण मूळ प्रश्न एवढाच होता.

नाव नोंदवल्यावर मी मार्गदर्शक सरांना म्हणालो, "सर, पुढच्या रविवारी गावी जाऊन येतो. आत्याला बसवून पाच-पन्नास ओव्या उतरवून घेतो."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा काढला की समोरच्याचं अज्ञान त्यांना जास्त स्पष्ट दिसतं, असा आम्हा विद्यार्थ्यांचा अनुभव होता. "अहो, असं एकदम गावी जाऊन कसं चालेल? आधी पूर्वसूरींनी काय म्हटलंय ते नको का पाहायला? काय काय वाचलंत?"

मी गप्प बसलो. गप्प बसणाऱ्याला पुस्तकांची यादी मिळते, तशी मला मिळाली.

सरांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. आपल्याकडे शास्त्रार्थाची रीतच आहे की आधी पूर्वपक्ष मांडायचा. ज्याचं मत खोडायचं त्याचं मतही इतकं नीट सांगायचं, की त्याने मान डोलवावी आणि मगच आपला सिद्धान्त सांगायचा. यात नुसती विद्वत्ता नाही, सभ्यता आहे. आपल्या आधी कोणीतरी हा प्रश्न डोक्यावर घेऊन उन्हातान्हात हिंडलेलं असतं. त्याचं नावही न घेता 'हे मला प्रथमच सुचलं' म्हणून उभं राहणं म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवर आपली पाटी लावण्यासारखं आहे. तेव्हा वाचलंच पाहिजे, याबद्दल वाद नाही. वाद पुढे आहे.

मी वाचायला बसलो. साने गुरुजींचं 'स्त्रीजीवन' वाचलं. दुर्गाबाई भागवतांची 1956 सालची 'लोकसाहित्याची रूपरेखा' वाचली. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेली पुस्तकं वाचली. पण पुस्तकांचं असं असतं, की प्रत्येक पुस्तक जाता जाता आणखी चार पुस्तकांचा पत्ता देऊन जातं. पाहुण्याने जाताना 'माझे मेहुणे पुढच्या आठवड्यात येताहेत, त्यांची सोय बघा' म्हणावं तसं. दुर्गाबाईंनी मला युरोपच्या वाटेला लावलं. तिथे स्टिथ थॉम्प्सन यांची लोककथांतल्या कल्पनाबंधांची सूची होती, सहा खंड. ग्रंथालयात पाचच होते. सहावा बाइंडिंगला गेला होता. ग्रंथालयातलं नेमकं आपल्याला हवं असलेलं पुस्तक बाइंडिंगला जातं आणि तिथेच संसार थाटून राहतं. मी त्याची सात महिने वाट पाहिली.

तिथून मी फिनलंडला पोचलो. एलियास ल्योनरोट नावाचे एक गृहस्थ पेशाने डॉक्टर होते. पण खेड्यापाड्यांतून पायी हिंडून त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांची गाणी उतरवून घेतली आणि त्यांतून 1835 साली 'कालेवाला' हे महाकाव्य रचलं. या ल्योनरोटवर मी एकवीस कार्डं केली. त्यांचे प्रवास, त्यांचे मार्ग, बर्फातून केलेली पायपीट, सगळं निळ्या शाईने लिहिलं आणि महत्त्वाच्या जागा लाल शाईने अधोरेखित केल्या. स्वारगेटहून वाईला एसटी तीन तासांत जाते, ही गोष्ट मात्र त्या एकवीस कार्डांत कुठेही नव्हती.

मधून मधून गावाकडून निरोप यायचा. एकदा आत्याचा मुलगा आला होता, त्याने तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले : "त्याला म्हनावं, ये की एकदा. वव्या काय गाठोड्यात बांधून ठिवल्यात व्हय? जात्याला हात लावला की येत्यात. पन आता हात दुखतो."

मी म्हटलं, "दिवाळीनंतर येतो म्हणून सांग. एवढं वाचन संपवतो."

आमच्या सौभाग्यवती पोहे देता देता म्हणाल्या, "अहो, वाचन संपतं का कधी? आमचा स्वयंपाक कधी संपलाय?"

हे वाक्य खरं म्हणजे कार्डावर उतरवायला हवं होतं. पण लेखक, ग्रंथ, पृष्ठ क्रमांक या तिन्ही रकान्यांत काय लिहावं ते न सुचल्याने राहून गेलं.

इथे एक कबुली देतो. वाचनाच्या ओघात मी न वाचलेली पुस्तकंही वाचायला लागलो होतो. म्हणजे दुसऱ्याच्या तळटीपेत एखादा जर्मन ग्रंथ दिसला की तो उचलून मी आपल्या तळटीपेत ठेवत असे. जर्मन मला येत नाही. पण तळटीप बारीक अक्षरात असते आणि बारीक अक्षरात केलेलं पाप आपल्यालाही बारीकच दिसतं.

ते तसं बारीक नसतं, हे मला पालकाने शिकवलं. 1981 सालीच, म्हणजे मी कार्डं विकत घेतली त्याच वर्षी, हॅम्ब्लिन नावाच्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं की पालकाच्या भाजीत भरपूर लोह असतं ही समजूत दशांशचिन्ह चुकल्यामुळे पसरली आणि लोहाचं प्रमाण दहापट फुगलं. हकिकत इतकी खमंग होती, की शेकडो विद्वानांनी ती पुढे सांगितली. सगळ्यांनी जगाला बजावलं की बाबांनो, आकडे तपासल्याशिवाय मानू नका. पुढे 2010 साली माइक सटन नावाचे संशोधक दशांशचिन्हाच्या या गोष्टीचा मूळ पुरावा शोधायला गेले, तर पुरावाच सापडेना. खुद्द हॅम्ब्लिननाही तो दाखवता आला नाही. म्हणजे 'तपासून घ्या' हा उपदेश सगळ्यांनी न तपासता केला होता! मीही वर्गात ही गोष्ट दहा वर्षं सांगत होतो आणि मुलं ती लिहून घेत होती. न वाचता दिलेला दाखला म्हणजे न बघता दिलेली साक्ष. कोर्टात त्याला शिक्षा आहे. प्रबंधाला त्याबद्दल पदवी मिळते.

तर दिवाळी आली आणि गेली. मग मुलाच्या मुंजीची दिवाळी झाली, मग सहाव्या खंडाची. कार्डं अकराशेवर गेली. 1984 च्या श्रावणात गावाहून तार आली.

तेराव्याला गेलो. घरात माणसं होती, भांड्यांचे आवाज होते. जातं कुठे दिसेना. शेवटी मोरीपाशी पाय धुवायला गेलो तेव्हा कळलं की मी ज्या दगडावर उभा आहे ती जात्याची तळी आहे. गावात गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती. तरी आत्या सणासुदीला थोडं दळायची म्हणे, हाताला सवय राहावी म्हणून.

वहिनी तांब्या घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यावर पन एक ववी केली हुती त्यांनी."

"माझ्यावर?"

"व्हय. पुण्याच्या भाच्यावर. तुमच्या पुस्तकांचं कायतरी हुतं त्यात. लई हसायचो आमी." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आता याद न्हाई बगा."

अकराशे कार्डांत ती ओवी नाही. जगातल्या कुठल्याही सहा खंडांत नाही आणि बाइंडिंगलाही गेलेली नाही. आत्याला हे कोणी शिकवलं, या प्रश्नाचं उत्तरही त्यातच असावं. कोणी शिकवलं नव्हतं. समोर आलेल्या माणसावर ती ओवी करत होती, शेवटपर्यंत. मी समोर गेलो असतो तर मला ते दिसलं असतं.

परत येताना एसटीत मी स्वतःशी बराच युक्तिवाद केला. वाचलं यात माझं काय चुकलं? न वाचता गेलो असतो तर चार ओव्या घेऊन 'अद्‌भुत शोध' म्हणून नाचलो असतो. खरं आहे. पण खंबाटकी घाटाच्या वळणावर मला माझी लबाडी सापडली. वाचल्याशिवाय बोलू नये, एवढंच शास्त्राने सांगितलं होतं. वाचून झाल्याशिवाय ऐकूही नये, हे माझं मी त्याला जोडलं होतं. कारण ऐकायला गेलं की समोर माणूस असतं आणि ते आपल्यालाच काहीतरी विचारतं. पुस्तक तसं काही विचारत नाही. माझ्या अभ्यासात अभ्यास किती आणि भिडस्तपणा किती, याचं दशांशचिन्ह मीच चुकीच्या जागी दिलं होतं.

प्रबंध 1987 साली झाला. त्यात पूर्वसंशोधनाचा आढावा 142 पानं होता आणि वहिनींनी व शेजारणींनी आठवून सांगितलेल्या ओव्या एकसष्ट. परीक्षकांनी आढाव्याचं खास कौतुक केलं. त्याच दशकात, त्याच पुण्यातून, गी पॉइत्व्हॅं हे मूळचे फ्रेंच गृहस्थ आणि हेमा राईरकर गावोगाव जाऊन बायकांसमोर बसायला लागले होते. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संग्रहात हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. 2017 पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने त्या सर्वांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. मी त्या अधूनमधून ऐकतो. पुण्याच्या भाच्यावर एखादी सापडते का पाहतो.

कार्डांची मागची बाजू कोरी होती. सौभाग्यवतींनी त्यावर वर्षानुवर्षं दुधाचा हिशेब लिहिला. ल्योनरोटच्या पाठीवर 'म्हशीचं दीड, सोमवारी नाही' असं आहे.

भाद्रपदात पितृपक्ष आला की मला हटकून प्रबंधाचं पहिलं प्रकरण आठवतं. तिथेही गेलेल्यांना एकेक करून नावानिशी बोलवायचं, प्रत्येकाला तळटीपेचा पिंड द्यायचा आणि जेवण उरकलं की दार लावून घ्यायचं. करायला हवंच ते, ऋण असतं. पण जिवंतपणी जिला भेटलो नाही तिच्या नावाने पान वाढताना हात जड होतो, हे कुठल्या शास्त्रात लिहिलेलं मी वाचलं नव्हतं.

परवा पुतण्याची मुलगी आली. संशोधनाला बसली आहे. गिरणी आल्यावर ओव्यांचं काय झालं, हा विषय. माझ्यासमोर मोबाइल ठेवून म्हणाली, "आजोबा, आधी तुमच्याशी नीट बोलून घेते, मग तुमचा प्रबंध वाचते, त्यातली संदर्भसूची बघते, आणि मग गावाला आजींकडे जाईन म्हणते. दिवाळीनंतर."

आजी म्हणजे आमच्या वहिनी. ऐंशी कधीच उलटली त्यांची.

मी पूर्वसूरी झालो होतो! आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो क्षण आला होता. ओळीने तीन तास बोलायची माझी तयारी होती. सौभाग्यवतींनी पोहेही टाकले होते.

मी तो मोबाइल उचलला, बंद केला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, "वाईची एसटी सकाळी साडेसहाला आहे. प्रबंध पिशवीत टाक, गाडीत वाच. मी कुठे जात नाही."

हे शेवटचं वाक्यही तसं न तपासताच बोललो.