गाजराचा माथा

संक्रांतीच्या सुगडात ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे यांबरोबर गाजराचा तुकडाही असतो. दान किती करावे आणि पदरी किती राखावे, हा प्रपंचातल्या वारकऱ्याला वारंवार पडणारा प्रश्न. त्याचे एक उत्तर या साध्या गाजरात दडलेले आहे.

गाजर म्हणजे त्या रोपाचे मूळ. पानांनी उन्हात तयार केलेले अन्न खाली साखर होऊन साठते. शंभरेक दिवसांत आपण ते उपटतो, म्हणून त्याचे आयुष्य तेवढेच असे वाटते. पण ते अर्धेच झालेले असते. जमिनीत राहू दिले, तर थंडी सोसल्यावर माथ्यातून दांडा निघतो, बारीक पांढऱ्या फुलांच्या छत्र्या धरतात, मधमाश्या येतात आणि बी भरते. तोवर खालचे मूळ चिवट, लाकडासारखे झालेले असते. त्याची गोडी बियांच्या कामी आलेली असते. साठवण होती, पण स्वतःसाठी नव्हती.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या भागांत भाजीपाल्याचे बियाणे पिकवणारे शेतकरी आहेत. बियाणे धरण्याची एक जुनी रीत त्यांना ठाऊक असते. सरळ, रंगदार, न तडकलेली गाजरे निवडायची, थोडे देठ ठेवून पाला छाटायचा, मुळाचा खालचा भाग कापायचा आणि माथ्याकडचा भाग पुन्हा लावायचा. कापलेला भाग खाण्यात जातो, उरलेल्यातून बी येते. पण माथाच कापला, तर खालचा भाग कितीही जाड असो, त्यातून पुढचे रोप उभे राहत नाही.

आता आपल्याकडे पाहू. अन्नदान श्रेष्ठ, यात शंका नाही. 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगावात गजानन महाराज प्रथम दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खाताना. अन्नाचा एक कणही वाया घालवू नये, हे आपण तिथे शिकलो. पण सप्ताहाच्या पंगतीत आपले नाव मागे पडू नये म्हणून एखादा कोरडवाहू शेतकरी मृगाच्या पेरणीचे पैसे देऊन बसतो, पुढे बियाण्यासाठी व्याजाने पैसे काढतो. हे दान की माथा कापणे?

कोणी म्हणेल, राखून ठेवणे हा लोभ आहे; विठ्ठलावर भार टाकावा. खरे आहे, लोभ आणि राखण बाहेरून सारखीच दिसतात. पण राखलेले पुढे कशाला लागते, यावरून ती ओळखू येतात. कोठीत नुसते पडलेले गाजर सुकते, सडते. मातीत परत गेलेला माथा शेकडो बिया देतो. पेरणीचे, लेकराच्या शिक्षणाचे, म्हाताऱ्या आईच्या औषधाचे पैसे हा असा माथा आहे. सावता महाराजांनी आपला मळा सोडला नाही. मळ्यातले काम हीच त्यांची सेवा होती.

म्हणून देणाऱ्याने मोकळ्या हाताने द्यावे, पण माथा राखून. आणि माउली, वर्गणीची वही घेऊन दारी जाणाऱ्याची जबाबदारी त्याहून मोठी आहे. समोरच्याच्या घरी पेरणीचे बियाणे आले का, हे आधी विचारावे. आले नसेल, तर त्या घरचा आकडा कोरा ठेवावा आणि पंगतीत त्याला मानाने आधी बसवावे.