दोघांच्या गाडीवर एकाचं खरं

गेल्या दिवाळीत मिलला चार दिवस सुट्टी पडली आणि आम्ही दोघं मोटरसायकलवरून वेरूळला जाऊन आलो. मिल म्हणजे डोंबिवली एमआयडीसीतलं कापड रंगवायचं प्रोसेस हाउस. आमच्या कोळसेवाडीतली जुनी माणसं त्याला मिलच म्हणतात, म्हणून आम्हीपण. स्टेंटरवर आम्ही दोघं असतो. ओलं कापड तो मशीनच्या तोंडात घालतो, सुकलेलं मी शेपटाला काढतो. मधे भट्टी. आठ-आठ तास एकमेकांचं तोंड दिसत नाही, पण त्याचं मन ठिकाणावर आहे की नाही ते मला कापडावरून कळतं. असा तो जोडीदार. त्याचं नाव इथं देत नाही. का देत नाही ते पुढं येईलच.

फिरायला गेलो होतो म्हणल्यावर वस्तीतल्या एका कार्यकर्त्यानं मला झापलं. चळवळीला माणसं मिळत नाहीत आन् तुम्ही तंबू घेऊन निसर्ग बघत हिंडा, पांढरपेशांसारखे! मी गप्प बसलो. पण डोक्यात किडा वळवळत राहिला. दोस्तहो, आपण प्रवास कधी करतो? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, २० मार्चला महाडला. हजारोंच्या लोंढ्यात. त्या लोंढ्यात आडनाव विचारायची कुणाची टाप नाही. आणि आपल्या बापजाद्यांचा प्रवास म्हणजे पोट पाठीला बांधून गाव सोडणं. काही काम नसताना, मोर्चा नसताना, दोघांनीच उठून नुसतं जग बघायला जाणं ही आपल्यात नवी गोष्ट आहे. प्रत्येक वेळी आपण लढायलाच घराबाहेर पडायचं का? मला तसं वाटत नाही. पण लढायचं नाही असं ठरवून निघालं तरी रस्ता काय करतो, ते सांगायचंय.

गाडी त्याची, प्लॅटिना, हप्ते अजून चालू. तंबू उल्हासनगरच्या बाजारातून घेतलेला. समृद्धी महामार्ग आता आमच्या उशाशी आमण्यापासून सुरू होतो, पण त्यावर दुचाकीला बंदी. जोडीदार म्हणाला, चला, निदान ह्या वेळी जातीमुळं नाही, चाकांमुळं अडवलं! मग जुन्याच रस्त्यानं शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, नाशिक. काळाराम मंदिराच्या दाराशी गाडी थांबवली. २ मार्च १९३० ला इथं सत्याग्रह सुरू झाला. आत जाऊया का, म्हणाला. मी म्हणलं, बौद्ध माणसाचं आत काय काम? बाहेर चहा घेतला आणि निघालो. येवल्याला मात्र मुक्तिभूमीवर बराच वेळ बसलो. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी ह्याच गावात सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही.

तिथून निघताना जोडीदारानं गळ्यातला गमछा काढून गाडीच्या पुढच्या काचेवर बांधला. म्हणाला, धूळ लई आहे. काचेवर ‘जय भीम’चं स्टिकर आहे. मला धुळीचं खरं वाटलं नाही, पण बोललो नाही. २०१५ साली शिर्डीत मोबाईलमधल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून आपल्या एका तरुण पोराचा जीव घेतला गेला. शिर्डी तिथून लांब नाही. गमछा बांधणाऱ्याला भित्रा म्हणायला काय जातं!

वैजापूरच्या अलीकडं अंधार पडला. रस्त्याच्या कडेला मक्याचं खळं, अर्धी रिकामी कांद्याची चाळ, एक घर. तंबू ठोकू का म्हणून विचारलं. म्हातारबाबा बॅटरी घेऊन आले. ठोका की, म्हणाले, पण साप-किरडूचं बघा. मग बॅटरी आमच्या तोंडावर धरली.

“कुठले पाव्हणे?”

“कल्याणचे.”

“ते झालं. मूळ गाव? आडनाव काय म्हन्ले?”

जोडीदाराचं आडनाव मराठ्यांतही असतं आणि आपल्यातही. त्यानं ते सांगितलं. खोटं काहीच बोलला नाही. म्हाताऱ्यानं त्याचा आपल्याला हवा तो अर्थ घेतला. माझं आडनाव तसं नाही. ते ऐकलं की शेंबडं पोरही जात सांगतं. बॅटरी माझ्याकडं वळली. “आन् हे?”

“हा माझा भाऊ,” जोडीदार म्हणाला.

पाच वर्षांत हा माणूस मला कधी भाऊ म्हणला नव्हता. म्हणला तो असा.

मग पिठलं आलं, भाकरी आली, माठातलं गार पाणी आलं. म्हातारी समोर बसून वाढत होती. आणखी घे रे, कंपनीत काय खाता तुम्ही, वाळलात नुसते. माझ्या आईसारखंच. बाबा बिडी ओढत शेतीचं रडगाणं गात होते. कांद्याला भाव नाही, मजूर नाही. आन् पलीकडच्या त्या वस्तीतले लोक तर आता कामालाच येत नाहीत, पार माजलेत. भाकरी माझ्या घशात अडकली. मी तोंड उघडणार तोच जोडीदाराचा पाय माझ्या पायावर दाबला गेला. मी घास पाण्याबरोबर गिळला.

तंबूत आमचं रात्रभर वाजलं, पण कुजबुजत. मी म्हणलं, ती भाकर आपल्याला दिलीच नाही त्या माउलीनं. कुण्या दुसऱ्याच दोन पोरांना दिली, आपण त्यांच्या जागेवर बसून खाल्ली. पोट आपलं भरलं, पाहुणचार दुसऱ्याचा झाला. तो म्हणाला, मग काय उपाशी झोपायचं? मी म्हणलं, पंचशील म्हणतो ना रोज विहारात? मुसावादा वेरमणी काय नुसतं तोंडानं घोकायला? तो म्हणाला, मी काय खोटं बोललो ते सांग. मला सांगता आलं नाही. आडनाव खरं होतं. आणि भाऊ?... त्यालाही खोटं म्हणायला जीभ रेटेना.

सकाळी तो तंबू गुंडाळत होता. मी तांब्या परत द्यायला गेलो आणि म्हाताऱ्याला माझं आडनाव सांगितलं. पुढं हेही सांगितलं की आम्ही बौद्ध, त्या वस्तीतल्या लोकांचेच. म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग तांब्या घेतला. घरात नेला नाही, ओट्याच्या कडेला पालथा घातला. “गाडी सावकाश हाका,” म्हणाला. बस्स. तांब्या घासायला तिथंच ठेवतात की बाटला म्हणून ठेवला, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

मला मात्र छाती फुगल्यासारखं झालं होतं. वैजापूरला चहाच्या टपरीवर मी जोडीदाराला ते ऐटीत सांगितलं. त्याचा कप हातातच राहिला. म्हणाला, “तू सांगितलंस तेव्हा मी खाली बसून खुंट्या उपटत होतो. त्यांच्या घराकडं माझी पाठ होती.”

एवढंच. पुढं दौलताबादपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

मित्रांनो, इथून मला जे सुचलं ते मी शिकलेला नसल्यानं वेडंवाकडं मांडतोय. बाबासाहेबांची ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाची एक छोटी पुस्तिका आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ती १९९० साली छापली. तिच्यातल्या पहिल्या आठवणी सगळ्या प्रवासाच्या आहेत हे किती जणांच्या ध्यानात आलं? १९०१ साली नऊ वर्षांचे बाबासाहेब भावंडांबरोबर साताऱ्याहून कोरेगावला वडिलांकडं निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर चांगले कपडे, म्हणून स्टेशनमास्तरला ही ब्राह्मणाची पोरं वाटली. त्यानं विचारलं आणि पोरानं विचार न करता खरं सांगून टाकलं. मास्तरचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन गाडी पोरांनीच हाकायची असं ठरलं, गाडीवाला बाजूनं चालणार. आणि त्याच रात्री, त्याच प्रवासात, टोलनाक्यावर पाणी मागायची वेळ आली तेव्हा गाडीवाल्याच्या सल्ल्यानं तेच पोर आपण मुसलमान आहोत असं सांगून उर्दूत बोललं. पाणी मिळालं नाही ते नाहीच. खरं बोलून गाडी गेली, खोटं बोलून पाणी मिळालं नाही. नऊ वर्षांच्या पोराला एका रात्रीत दोन्ही करून बघावं लागलं.

पुढं १९१७ मध्ये बडोद्याला राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. १९२९ ला चाळीसगावात टांगेवाला हाकायला तयार नव्हता. टांगा आपल्याच एका अडाणी हाताकडं दिला आणि अपघात झाला. हा एक प्रश्न मोटरसायकलनं सोडवला म्हणायचा. गाडी आपली, हाकणारा आपला. पण रात्री झोपायला जमीन दुसऱ्याचीच लागते, आणि जमिनीवर पाय टेकला की आडनाव आलंच.

आणि १९३४. बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांसोबत बसनं वेरूळ बघायला निघाले. बघायला, लढायला नाही! आमच्या त्या कार्यकर्त्याला हे सांगायचं राहिलं. आणि त्या सगळ्यांनी निघतानाच ठरवलं होतं की वाटेत आपण कोण ते कळू द्यायचं नाही, नाहीतर आडगावांत त्रास होतो. महाडला १९२७ साली ज्यानं हजारोंच्या देखत तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तोच माणूस सात वर्षांनी ओळख झाकून प्रवास करत होता. मग महाड खोटं का दौलताबाद खोटं?

दोन्ही नाही, असं मला त्या किल्ल्याच्या दाराशी उभं असताना वाटलं. दौलताबादला आपले लोक स्वागताला जमले होते. दाराबाहेर एक पाण्याचं टाकं होतं. धुळीनं माखलेल्या मंडळींनी तिथं हातपाय धुतले, आणि पाणी बाटवलं म्हणून गिल्ला झाला. शेवटी किल्ला बघायला मिळाला तो हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, आत कुठंही पाण्याला हात लागू नये म्हणून. पण माझं मन अडकलं ते ‘ठरवलं होतं’ ह्या गोष्टीवर. तीस माणसांनी मिळून ठरवलं होतं. आपल्या बाजूनं एकानं उठून परस्पर सगळ्यांची जात जाहीर केली नाही. महाडलाही ठरवूनच गेले. बडोद्यात एकटे होते, जे काय व्हायचं ते त्यांच्या एकट्याच्या अंगावर. मी मात्र माझं आडनाव सांगता सांगता जोडीदाराचंही सांगून टाकलं, कारण आदल्या रात्री त्यानं मला भाऊ म्हणलं होतं. धाडस माझं, पाठ त्याची. काठी आली असती तर पहिली त्याच्या पाठीवर बसली असती.

मज्झिम निकायात अभयराजकुमार सुत्त आहे. त्यात बुद्ध सांगतात की गोष्ट नुसती खरी असून भागत नाही. ती हिताची आहे का आणि वेळ कोणती, हेही बघावं लागतं. आधी मला ही पळवाट वाटायची. आता वाटतं, ही खरेपणापेक्षा अवघड अट आहे. माझं खरं कुणाच्या हिताचं होतं? म्हातारा बदलला का, माहीत नाही. पलीकडच्या वस्तीला फायदा झाला का, नाही. छाती फुगली ती माझी.

पण एवढ्यावर मी जोडीदाराला मोकळा सोडणार नाही. म्हातारा ‘माजलेत’ म्हणाला तेव्हा त्या वस्तीतलंही कुणी आमच्या भरवशावर नव्हतं का? त्यांना कुणी विचारलं नव्हतं की आम्ही गप्प बसलं तर चालेल का. दोघांनी मिळून ठरवलेलं गप्प राहणंसुद्धा तिसऱ्याच्या जिवावर असू शकतं. ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. वेरूळच्या लेण्यांत हे मी त्याला बोललो. तो म्हणाला, हां, हे मात्र मला रात्रभर टोचत होतं, पाय मीच दाबला होता ना.

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. त्या रात्री लॉजवर उतरलो. पोरानं दोघांच्या आधार कार्डांचे मोबाईलवर फोटो काढले, नावाकडं बघितलंही नाही, चावी दिली. तंबू डिकीवर तसाच बांधलेला राहिला.

आता पुन्हा पाळ्या चालू आहेत. गमछा काढलाय, स्टिकर आहे तिथंच आहे. येत्या मार्चात महाडला गर्दी पांगल्यावर दोघांनीच जायचं आणि येताना तंबू ठोकत कोकणातून यायचं, असं तो म्हणतो. मी म्हणलं, निघायच्या आधी बसून ठरवू, कुणी विचारलं तर काय सांगायचं. तो हो म्हणाला. हा लेखही छापायला द्यायच्या आधी त्याला वाचून दाखवला. त्यानं एक गोष्ट खोडायला लावली, ती खोडलीय.