आधी धोंडा, मग हात



रफीदीम येथे अमालेक्यांशी लढाई चालली असता टेकडीवर मोशेचे हात जड झाले (निर्गम 17). अहरोन व हूर यांनी प्रथम काय केले? बसावयास धोंडा आणून दिला. मग दोन बाजूंनी त्याचे हात सावरून धरले.

मंडळीत कोणाच्या पत्नीला कर्करोग झाला की आपण तिच्यासाठी प्रार्थना करतो. तिच्या उशाशी जागणाऱ्या पतीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. किमोथेरपी पुष्कळदा तीन तीन आठवड्यांच्या अंतराने कित्येक महिने चालते. तिला फोडणीच्या वासानेही मळमळते, तोंड येते. डोसानंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा 100.4 अंश फॅरनहाइट ताप आला तरी सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे लागते. हा पहारा तो एकटा करतो. विवाहाचे वचन तो पाळीत आहे. पण त्याचेही हात जड होतात, आणि ते बोलून दाखविण्याची त्याला लाज वाटते.

आपण मात्र नेमके त्याच दिवसांत, सर्दीखोकला घेऊन, घोळक्याने भेटीस जातो. चहाही त्यालाच करावा लागतो!

यापुढे आपण आधी धोंडा ठेवू या. निरोगी असेल त्याने एक रात्र जागावे, कोणी डबा पोचवावा, शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना सांभाळावे. मग थोडक्यात प्रार्थना करावी. अहरोन व हूर यांनी सूर्यास्तापर्यंत हात सोडले नाहीत. आपणही उपचार संपेपर्यंत सोडू नयेत. प्रभू आपणांस स्थिर करो. आमेन.