अस्सलपणाची किंमत

वस्तू वापरली, जुनी झाली, की तिचे मोल उतरते, हा बाजाराचा सर्वसामान्य नियम. काही वस्तू मात्र या नियमाला अपवाद ठरतात. जुनी क्रोनोग्राफ घड्याळे त्यांपैकी एक. क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीची वेळ दाखवून शिवाय कडेची कळ दाबताच एखाद्या घटनेला लागलेला काळ मोजून देणारे घड्याळ. मोटारशर्यती, विमानोड्डाण अशा कामी ते वापरले गेले. आज जगभरचे संग्राहक त्यासाठी मोठाल्या रकमा मोजतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, “हे अस्सल आहे ना?” प्रश्न साधा वाटतो, परंतु अस्सल कशाला म्हणावे, हे ठरवणे तितकेसे सोपे नाही.

संग्राहकांची दृष्टी प्रथमदर्शनी विचित्र वाटते. घासूनपुसून लख्ख केलेल्या घड्याळापेक्षा ओरखडे असलेले घड्याळ त्यांना अधिक प्रिय. पॉलिश करताना धातू झिजतो आणि मूळच्या रेखीव कडा कायमच्या बोथट होतात, हे ते जाणतात. काळ्याची तपकिरी झालेली तबकडी म्हणजे वास्तविक रंगातला दोष. पण नव्याने रंगवलेल्या तबकडीहून ती कितीतरी महाग विकली जाते. काळाने केलेला बदल मान्य, माणसाने केलेला अमान्य, असा हा न्याय!

परंतु घड्याळ हे यंत्र आहे. त्यातले तेल सुकते, स्प्रिंग तुटते, चक्रांचे दाते झिजतात. त्याला चालते ठेवायचे तर केव्हा ना केव्हा भाग बदलावेच लागतात. मग किती भाग बदलेपर्यंत ते ‘तेच’ घड्याळ राहते? प्लुटार्कने असाच प्रश्न थेसिअसच्या जहाजाविषयी नोंदवून ठेवला आहे. अथेन्सचे लोक त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत. तेव्हा ते जहाज तेच की दुसरे, असा तत्त्वज्ञांचा वाद होता. सतराव्या शतकात टॉमस हॉब्जने त्यात आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या जपून ठेवून कुणी त्यांचेच जहाज पुन्हा बांधले, तर खरे जहाज कोणते?

आपल्या काळात या पेचाला घड्याळांच्या बाजारात एक जोड सापडली. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथील फिलिप्सच्या लिलावात जुन्या घडणीचे एक ओमेगा स्पीडमास्टर ३१,१५,५०० स्विस फ्रँकला विकले गेले. ते घेतले होते खुद्द ओमेगा कंपनीने, आपल्या संग्रहालयासाठी. पुढे २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले, की ते निरनिराळ्या घड्याळांचे, बहुतांशी अस्सल असे भाग जुळवून तयार केलेले होते. भाग बहुतेक खरे, पण वस्तू खोटी! साक्षीदाराचा प्रत्येक शब्द खरा असावा आणि साक्ष मात्र खोटी ठरावी, तसेच हे. खोटेपणा धातूत नव्हता. जन्मापासून एकत्र असल्याचा जो दावा त्या भागांच्या वतीने केला गेला, त्यात तो होता.

याची दुसरी बाजू आपल्या जवळची आहे. भारतात तबकडी नव्याने रंगवून विकलेल्या जुन्या स्विस घड्याळांना परदेशी संग्राहक काहीशा कुत्सितपणे ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. पण टाकून दिलेले घड्याळ चालू करून, रंगवून, बेताच्या मिळकतीच्या माणसाच्या मनगटावर चढवणाऱ्या कारागिराने कोणता अपराध केला? रंग नवा आहे असे सांगून विकले, तर तो सरळ व्यवहार. तीच तबकडी पन्नास वर्षांपूर्वीची म्हणून खपवली, की फसवणूक सुरू होते. ब्रश तोच, रंग तोच. फरक पडतो तो सांगण्यात.

अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १,७७,५२,५०० डॉलरला विकले गेले. त्याच्या पाठीवर पत्नी जोअ‍ॅन वुडवर्ड यांनी ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. कारखान्यातून निघालेल्या घड्याळावर ते शब्द नव्हते. काटेकोरपणे पाहता तोही बदलच. पण त्याने घड्याळाचे मोल घटले नाही, कारण तो बदल त्या घड्याळाच्या खऱ्या आयुष्यातला होता.

तेव्हा अस्सलपणा म्हणजे अस्पर्शितपणा नव्हे. वस्तूने स्वतःविषयी खरे सांगणे, म्हणजेच तिच्या मालकाने तिच्याविषयी खरे सांगणे, हा अस्सलपणा होय. दुरुस्ती करावी, काढलेला भाग जपून ठेवावा, काय बदलले ते लिहून द्यावे. हे बोलायला सोपे आहे. कारण ‘तबकडी नंतर रंगवलेली आहे’ एवढे एक वाक्य उच्चारताच घड्याळाची किंमत कोसळते, आणि ते वाक्य गिळून टाकले तर बहुधा कोणालाच कळत नाही. घड्याळाचा अस्सलपणा भिंगाखाली तपासता येतो. विकणाऱ्याचा अस्सलपणा या एका वाक्यापाशी तपासला जातो, आणि तिथे भिंग धरणारा दुसरा कोणी नसतो.