खर्ची

घरातल्या कामाचे मुलांना पैसे द्यावेत की नाही, यावर आमच्या घरात गेली दोन वर्षे वाद चालू आहे. पुण्यात राहणारी माझी भाची आपल्या मुलाला गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालण्याचे दहा रुपये देते. त्याशिवाय पैशाची किंमत कळत नाही, असं तिचं म्हणणं. तिची आई, म्हणजे माझी आपा, यावर चिडते. हे घर आहे की दुकान, असं विचारते.

आपानं हे म्हणावं याचं मला नवल वाटतं. कारण उमापूरच्या आमच्या अंगणात सगळ्यांत जास्त काम तिनंच केलं आणि त्याचा एक पैसा तिला कधी मिळाला नाही.

उमापूर हे गेवराई तालुक्यातलं आमचं गाव. अंगणात लिंबाचं झाड होतं. उन्हाळा सरता सरता त्याखाली लिंबोळ्यांचा सडा पडायचा. त्या वेचून, वाळवून दुकानदाराला मापानं घातल्या की चार आणे, आठ आणे हाती यायचे. शेळीला पाला आणला, पावसाळ्याआधी सरपण रचून ठेवलं, की अब्बा खिशात हात घालत. "ले, तेरी खर्ची." शेजारची मुलं याला खाऊचे पैसे म्हणत. ईदी आणि खर्ची यांतला फरक मात्र आम्हा पोरांना कुणी न शिकवता कळला होता. ईदी सलाम केला की मिळते; ती वडीलधाऱ्यांची माया, तिचा हिशेब मागायचा नसतो. खर्चीचा हिशेब असतो. ती कमी पडली तर तक्रार करता येते, आणि मी ती करत असे. (ते चार आण्यांचं नाणंही २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं.)

आपा पहाटे उठून अंगण झाडायची, पाणी शिंपडायची, आठवड्याला सारवायची. त्याला खर्ची नव्हती. आमच्या घरात कुणी कठोर होतं असं नाही. माझं काम अधूनमधून व्हायचं म्हणून डोळ्यांत भरायचं. तिचं रोज व्हायचं, ते दिसायचंच नाही. एखाद्या दिवशी अंगण झाडलं नसतं तरच ते दिसलं असतं. आणि तशी मुभा तिला नव्हती.

मोबदला घेतला की मायेला बट्टा लागतो, असं मानणारे पुष्कळ आहेत. बुखारींच्या संग्रहात एक हदीस आहे. पैगंबरांनी मक्केवाल्यांच्या शेळ्यामेंढ्या काही किरातांवर चारल्या होत्या. काही भाष्यकार म्हणतात, किरात हे नाणं नव्हे, जागेचं नाव आहे. मला पहिलाच अर्थ जवळचा वाटतो. मजुरी घेण्यात कमीपणा नाही, हे त्यात किती साधेपणानं आलं आहे!

पण सगळा प्रश्न पैशाचाच आहे असंही नाही. आमच्या वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर दिसेनाशी होत. बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती टनावर फेडायची. मुलं धाकट्याला सांभाळतात, पाणी आणतात, वाढ्यांच्या मोळ्या बांधतात. त्यांचे कष्ट आईबापांच्या टनात मिसळून जातात. हिशेबाच्या वहीत त्यांना ओळ नसते. लिंबोळ्या वेचायचा कंटाळा आला तर मी "आज नको" म्हणत असे आणि संध्याकाळची भाकरी मिळायचीच. कोप्यावरच्या पोरानं "आज नको" कुणाला म्हणावं?

बालमजुरीविरोधी कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर बंदी आली, पण शाळेनंतर किंवा सुटीत घरच्यांना धोका नसलेल्या कामात मदत करायला सूट राहिली. माझी शेळी आणि माझा पाला त्या सुटीत आरामात बसतात. ऊसतोड हा काही घरचा धंदा नव्हे. तरीही फडात मोळी बांधणारी मुलगी, काय करतेस म्हटलं, तर आईला मदत करते असंच सांगते, आणि विचारणाऱ्याचं तेवढ्यावर समाधान होतं.